आईचा अँटेना उतरवला त्याची गोष्ट

१ मे २०२२, रविवार. दोन वर्षं पुण्याला भावाकडे अडकून पडलेली आई त्या सकाळी नागपूरला परत आली. घर उघडलं, झाडलं, कुलरला नवी खस लावली, देवाजवळ दिवा लावला. मग चहाचा कप हातात घेऊन आईने टीव्हीचं बटण दाबलं. खर्रर्र. पडद्यावर मुंग्याच मुंग्या, आवाजही मुंग्यांचाच.

"वायर उंदरानं खाल्ली असेल," आई म्हणाली.

उंदराचा काही दोष नव्हता, पण हे कळायला मला दोन आठवडे लागले आणि टीव्ही पुन्हा सुरू व्हायला पाच. या पाच आठवड्यांत ज्याला विचारलं त्याला गोष्ट अर्धीच माहीत होती. मला तर पावही नव्हती. अजून कुणाच्या आजीच्या गच्चीवर काड्यांचा अँटेना उभा असेल तर हे वाचून त्यांचे दोन-चार हेलपाटे वाचतील, म्हणून लिहून ठेवते.

आईचं घर मानेवाडा रोडच्या आतल्या बाजूला आहे. तीन मजली, बारा फ्लॅटची जुनी स्कीम, आई पहिल्या मजल्यावर. टीव्ही २१ इंची डबा, बाबांनी १९९६ च्या वर्ल्ड कपच्या आधी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, आणलेला. अँटेनाही त्याच वर्षीचा, बाबांनी स्वतः गच्चीवर पाइप उभा करून लावलेला. बाबा गेल्यावर आईने केबल काढून टाकली. कितीही कमी चॅनल घेतले तरी तेव्हा महिन्याला १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे जाणारच. वर्षाचे १,८४० रुपये झाले. एवढे पैसे देऊन ती बघणार काय, तर संध्याकाळी सातच्या सह्याद्रीच्या बातम्या आणि दुपारी जे काही लागेल ते. तेवढं अँटेनावर फुकटात दिसत होतं.

दिसत होतं म्हणजे कसं, तेही सांगते. चित्र कधीच साफ नव्हतं. आजूबाजूला उंच बिल्डिंगा झाल्यापासून बातम्या देणाऱ्या बाईच्या उजव्या खांद्याला लागून तिचीच एक फिकट सावली दिसायची. टॉवरवरून येणारी लहर एकदा सरळ येते आणि एकदा कुठल्या तरी भिंतीवर आपटून जरा उशिरा येते, त्याची ही सावली. आई तिला 'जुळी' म्हणायची. "आज जुळी जास्त ठळक आहे," असं ती हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगायची.

८ मेला मेकॅनिक आला. गच्चीवर गेला, चपटी वायर उन्हाने कडकड मोडत होती ती सगळी बदलली, बूस्टर उघडून फुंकर मारली, ३५० रुपये घेतले. मुंग्या तशाच. "अँटेनाच गेला मॅडम, नवा घ्या," म्हणाला. अँटेना म्हणजे अॅल्युमिनियमच्या काड्या. त्यात जाण्यासारखं असतं काय? तिथे मला पहिल्यांदा शंका आली, की बिघाड आपल्या गच्चीवर नसून दुसऱ्या टोकाला असेल.

दुसरं टोक म्हणजे सेमिनरी हिल्सचा दूरदर्शनचा टॉवर. १४ मेला दुसरा शनिवार होता, बँकेला सुटी. सकाळी आठलाच दुपट्टा बांधून स्कूटी काढली आणि अजनी, बर्डी, सिव्हिल लाइन्स करत टेकडीवर पोचले. नागपूरच्या मे महिन्यात नऊनंतर बाहेर पडणं म्हणजे स्वतःला भाजायला ठेवणं. आत कुणाला भेटायचं ते माहीत नव्हतं, पण गेटवरच काम झालं.

"ताई, ते अँटेनावालं तर बंद झालं ना," गेटवरचा माणूस म्हणाला. "आता फ्री डिश लावून घ्या. एकदाच खर्च, महिन्याचं काही नाही."

इतकं साधं उत्तर. सगळे केबलवर, डीटीएचवर नाहीतर मोबाइलवर गेलेले. अख्ख्या स्कीममध्ये अँटेनावाली आई एकटीच उरली होती, आणि ती नेमकी गावात नव्हती. मग कोण कुणाला सांगणार?

घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने २०२१ च्या ऑक्टोबरमध्येच जाहीर केलं होतं, की देशभरातले अॅनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीचे, ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद होणार. मोक्याच्या जागचे साधारण ५० सोडून बाकी सगळे ३१ मार्च २०२२ पर्यंत. बंद करून वर्षाला सुमारे १०० कोटी रुपयांचा खर्च वाचेल आणि ५जीसारख्या सेवांना लहरींची जागा मोकळी होईल, हे कारण. कारण पटलं. एका आईसाठी एवढा ट्रान्समीटर पेटता ठेवा असं मीही म्हणणार नाही.

पण इथेच माझी चूक झाली. वाचता वाचता 'डिजिटल अँटेना' हा शब्द सापडला आणि मी हुरळले. दूरदर्शनने जमिनीवरूनच डिजिटल प्रक्षेपणही सुरू केलं आहे, डीव्हीबी-टी२ नावाच्या पद्धतीने, आणि त्यासाठी एक छोटा डोंगल मिळतो असं वाचलं. वाटलं, बरं झालं, गच्चीवर काही करायला नको. त्याच संध्याकाळी ऑनलाइन मागवला, १,१५० रुपये. बुधवारी, १८ तारखेला, आला. आमच्या चिरंजीवांनी आपल्या मोबाइलला जोडला आणि स्कॅन लावला. शून्य चॅनल. खिडकीत शून्य, गच्चीवर शून्य.

मग जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. ही सेवा २०१६ च्या फेब्रुवारीत १६ शहरांत सुरू झाली होती. यादीत मुंबई आहे, औरंगाबाद आहे, शेजारचं रायपूर आणि भोपाळसुद्धा आहे. नागपूर नाही. डोंगल परत केला, कुरिअरचे ८० रुपये कापून बाकी पैसे आले. आणि हो, डिजिटल अँटेना असा काही प्रकार नसतो. बाबांच्या अँटेनाला डिजिटल लहर दिली असती तर त्याने तीही निमूट पकडली असती. डिजिटल असतो तो आतला ट्यूनर, लहरीतून चित्र काढणारा. दुकानदार खोक्यावर काहीही छापतात.

म्हणजे गेटवरच्या माणसाचं खरं होतं, डीडी फ्री डिशच. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. वरून येते, जीसॅट-१५ या उपग्रहावरून. तो ११ नोव्हेंबर २०१५ ला फ्रेंच गयानातल्या कौरूहून सोडला आणि विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला उभा आहे. सेमिनरी हिल्स आमच्या गच्चीपासून आठ किलोमीटर, हा जवळपास ३६ हजार किलोमीटर. आईला सांगितलं तर म्हणाली, "जवळचं दिसत नाही आणि एवढ्या दुरचं दिसणार?"

२१ मेला बँक सुटल्यावर बर्डी गाठली. तिथल्या मोदी नंबर दोन या गल्लीत चार दुकानं फिरले. भाव दुकानागणिक वेगळे आणि सल्लेही वेगळे, म्हणून मी काय घेतलं ते सांगते. बॉक्स एमपेग-४ चा, म्हणजे चित्र दाबून छोटं करायच्या नव्या पद्धतीचा, घेतला, ९५० रुपये. जुने एमपेग-२ चे बॉक्स दीड-दोनशेने स्वस्त मिळत होते, पण फ्री डिशवरचे काही चॅनल एमपेग-४ मध्येच येतात, ते त्यांवर दिसत नाहीत. ६० सेंटीमीटरची डिश, क्लॅम्प आणि एलएनबी मिळून ६००. एलएनबी म्हणजे डिशच्या समोर काठीच्या टोकाला बसवतात तो डोळा. आरजी-६ ची गोल वायर २५ मीटर, १४ रुपये मीटरने ३५०. कनेक्टर ४० रुपयांचे. टीव्ही डबा असला तरी त्याला पुढे पिवळी-पांढरी-लाल भोकं आहेत का एवढं घरून निघण्याआधी बघून जा. आईच्या टीव्हीला पिवळं आणि पांढरं होतं, तेवढं पुरतं. आवाज एका कानाचा येतो, पण त्या टीव्हीला स्पीकरच एक आहे.

दुकानदाराने एक गोष्ट फार चांगली सांगितली. "मॅडम, याचं रिचार्ज कोणी मागितलं, अॅक्टिव्हेशन म्हणून फोन आला, तर पैसे देऊ नका. याला रिचार्जच नाही." दोन महिन्यांनी आईला तसा फोन आलाही. आईने त्याला बाबांच्या पेन्शनची सगळी कथा ऐकवली, त्यानेच फोन ठेवला.

सामान आणलं, आता लावायचं. आणि इथे खरी सरकारी पद्धत सुरू झाली, सोसायटीची.

जुना अँटेना १९९६ पासून उभा होता तेव्हा त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पण मागच्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, सात वर्षांची गॅरंटी, आणि स्लॅबला एक जरी भोक पडलं तरी गॅरंटी रद्द असं ठेकेदाराने लिहून दिलेलं. त्यामुळे सेक्रेटरी काकांनी मला रीतसर अर्ज द्यायला सांगितलं. २२ मेला दिला. विषय, संदर्भ, मोजमापं, डिशची जागा दाखवणारा पेनाने काढलेला नकाशा, खाली आईची सही, कारण फ्लॅट तिच्या नावावर. भाडेकरू असाल तर मालकाची सही लागते, हे आमच्या शेजारच्या मुलाला तेव्हाच कळलं.

गुरुवारी २६ ला कमिटी बसली. डिशला कुणाचाच विरोध नव्हता. विरोध होता जागेला. मे महिना म्हणजे गच्चीवर वाळवणं. कुरडया, पापड, मुंगवड्या, सरगुंडे, आणि प्रत्येकीची चादर टाकायची जागा वर्षानुवर्षं ठरलेली. मी नकाशात दाखवलेला आग्नेय कोपरा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांचा निघाला. उपग्रहाला तोच कोपरा बरा पडतो, पलीकडे टाकी आड येते, हे मी सांगून बघितलं. काकू म्हणाल्या, "उपग्रहाला काय, तो वर्षभर आहे. कुरडया पंधरा दिवसाच्या." त्यांचं बरोबर होतं. शेवटी कोपऱ्यापासून चार फूट अलीकडे, कठड्याला लागून जागा मिळाली.

२७ तारखेला परवानगीचं पत्र हातात आलं. अटी तीन. स्लॅबला किंवा कठड्याला भोक पाडायचं नाही. ५०० रुपये अनामत, गळती झाली नाही तर वर्षाने परत. आणि तिसरी, 'वापरात नसलेला जुना अँटेना पाइपसह काढून घ्यावा.' तिसरी अट मी आईला लगेच वाचून दाखवली नाही.

भोक न पाडता डिश उभी करायची तर वजन हवं. ऑइल पेंटचा २० लिटरचा रिकामा डबा आमच्याकडे होता. फॅब्रिकेशनवाल्याकडून कमरेएवढा पाइप कापून, त्याच्या बुडाला दोन सळयांचे तुकडे आडवे वेल्ड करून घेतले, २५० रुपये. हे तुकडे नसतील तर काँक्रीटमध्ये पाइप गोल फिरतो. सिमेंट सुटं मिळालं, ८ किलो, ८० रुपये. रेती आणि गिट्टी गल्लीत ज्यांच्या घराचं बांधकाम सुरू होतं त्यांनी घमेलाभर अशीच दिली. २८ मेला, चौथ्या शनिवारी, पहाटे पाचला गच्चीवर डब्यात काँक्रीट ओतलं. भरलेला डबा पंचेचाळीस-पन्नास किलोचा होतो, म्हणून तो जागेवरच ओता, खालून भरून नेऊ नका. पाइप सरळ उभा आहे का ते बघायला मी लेव्हल ट्यूब शोधत होते, तर आईने सुतळीला अडकित्ता बांधून खाली सोडला. ओळंबा! डिशच्या क्लॅम्पवर अंशांच्या खुणा असतात, त्या पाइप ओळंब्यात असेल तरच खऱ्या. नाहीतर सगळं गणित तिरकं.

नवतपा सुरू होता. २५ मे ते २ जून, वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. त्यात काँक्रीटला पाणी मारायचं. सकाळ-संध्याकाळ आई तीन मजले चढून तांब्याने पाणी घालून यायची, वर ओलं पोतं गुंडाळून ठेवलेलं. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. तुळशीला घालते तसंच यालाही घालते, म्हणाली.

डिशवाला पोरगा ५ जूनला, रविवारी सकाळी येणार होता. ३०० रुपये ठरलेले. सकाळी फोन केला तर, "रस्त्यातच आहो मॅडम." दुपारी, "एक लग्नाचं काम आलं, संध्याकाळी पक्का." चार वाजता फोन लागेनासा झाला. मग ठरवलं, आपणच करू. मी, चिरंजीव आणि गच्चीवर सहज डोकावलेले तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर काका.

नागपूरसाठी दिशा अशी: उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे १४५ अंश, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून डावीकडे, पूर्वेच्या बाजूला, ३५ अंश. आणि क्षितिजापासून वर साधारण ६० अंश. डिश मात्र ६० अंश वर बघतेय असं दिसत नाही, बरीच उभी दिसते. तिचा डोळा मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे तसं वाटतं. डोळ्यांवर विश्वास न ठेवता क्लॅम्पवरची खूण ६० ला लावली आणि तो बोल्ट कसला. उरलं फक्त डावं-उजवं.

मोबाइलचा कंपास काढला. पाइपजवळ धरला की १२०, तीन पावलं मागे गेलं की १६०, टाकीजवळ काही तिसरंच. आजूबाजूला लोखंड, सळया, त्यात तो वेडापिसा. मास्तर काका म्हणाले, "मी दुपारीच काठी उभी करून बघितली. बाराच्या पुढे सावली सगळ्यात लहान होते ती उत्तर." बघितली होती खरी, पण फसले होते. नागपुरात २६ मेच्या आसपास दुपारी सावली पायाखालीच नाहीशी होते, शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला जातो आणि दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते, तीही मीटरभर काठीची दोन बोटं. काकांनी त्यावरून जी उत्तर खडूने आखून ठेवली होती ती दक्षिण होती. भूगोल शिकवलेला माणूस, खूप हसले.

अंधार पडायला लागला. आई चहा घेऊन वर आली. आमचा गोंधळ थोडा वेळ बघितला आणि म्हणाली, "तुझ्या बाबांनी तर त्या लाल दिव्यावर लावला होता."

वायव्येला, बिल्डिंगांच्या फटीतून, टॉवरचा लाल दिवा दिसत होता. बाबांचा अँटेना सव्वीस वर्षं त्याच्याकडे रोखून उभा. मी मोबाइलवर नकाशा उघडून आमच्या गच्चीपासून टॉवरपर्यंत रेघ ओढली. उत्तरेपासून साधारण ३२९ अंश. त्याची बरोबर उलटी दिशा १४९. आम्हाला हवी होती १४५.

म्हणजे अँटेना जिकडे बघतोय त्याच्या नेमकं पाठीमागे उपग्रह, चारच अंश डावीकडे. हे फक्त मानेवाड्याच्या बाजूचं गणित आहे बरं का. जरीपटक्याहून किंवा वाडीहून टॉवर वेगळ्याच दिशेला दिसेल, ते लोक आपापली रेघ ओढतील. पण आमच्या गच्चीवर कंपास उभाच होता, आणि तो पुढच्या रविवारी भंगारात जायचा होता.

सुतळी काढली. अँटेनाच्या लांब दांडीच्या रेषेत मागे ताणत डिशच्या पाइपपर्यंत आणली आणि डिशचं तोंड त्या रेषेत लावलं. खाली टीव्हीपुढे आई बसली, हातात मोबाइल, व्हिडिओ कॉल सुरू. आरडाओरडा नको म्हणून ही युक्ती. पण पहिली दहा मिनिटं आम्हाला वर आईची हनुवटी आणि छतावरचा पंखाच दिसत होता.

"आई, पडदा दाखव, पडदा!"

"दाखवूनच तर राहिले."

बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ ८० दाखवत होती आणि आम्ही खूश. या पट्टीवर भुलू नका. वायर नीट जोडली आहे एवढंच ती सांगते, डिश भिंतीकडे वळवली तरी ८० च दाखवते. बघायची ती क्वालिटी, आणि ती शून्य. अर्धा-पाऊण तास इकडून तिकडे फिरवलं, शून्यच. घाम असा, की डिशवर हात ठरेना. शेवटी चिरंजीव खाली गेला, मेनू उघडून बघितलं तर एलएनबीच्या जागी ५१५० हा आकडा. तो मोठ्या जाळीच्या छत्र्यांसाठी असतो. तिथे युनिव्हर्सल, ९७५०-१०६०० असं करायला हवं होतं. बॉक्स दुकानातून तसाच आला होता. केला, फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलॅरिटी व्ही, सिम्बॉल रेट २९५०० आहे ते बघितलं, आणि पुन्हा सुरुवात.

आता हळू. ६० सेंटीमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंशांची असते. डिशच्या कडेला हात लावून बोटभर सरकवलं की तीन अंश संपले, उपग्रह मागे गेला. म्हणून केसभर सरकवायचं, तीन आकडे मोजायचे, मग पुन्हा केसभर. बॉक्सला विचार करायला तेवढा वेळ लागतो. सुतळीच्या रेषेपासून डावीकडे तिसऱ्या-चौथ्या वेळी मोबाइलमध्ये दुसरी पट्टी शून्यावरून उडी मारून ३४ झाली. मी श्वाससुद्धा सोडला नाही. वर-खालचा बोल्ट किंचित सैल करून ५१. एलएनबी त्याच्या खोबणीत थोडा फिरवून ६८. बोल्ट कसताना ६० वर आली, परत सोडून परत कसला. कसताना दोन्ही बाजूंचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे कसा, एक बाजू एकदम आवळली की डिश त्या अंगाला ओढली जाते.

स्कॅन लावला. आकडे पळायला लागले. आठ वाजून गेले होते, सातच्या बातम्या केव्हाच संपलेल्या. चिरंजीवाने सह्याद्री शोधून दिला. एक बाई काहीतरी सांगत होती, तिच्या साडीचे काठ दिसत होते, कानातल्या कुड्यांचे मोती मोजता येत होते.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "जुळी कुठं गेली?"

हिशोब एकदाचा मांडून टाकते. मेकॅनिकचे ३५०, डोंगलचे बुडालेले ८०, बॉक्स ९५०, डिश ६००, वायर ३५०, कनेक्टर ४०, सिमेंट ८०, पाइप २५०. एकूण २,७००. मेकॅनिक आणि डोंगल टाळले असते तर २,२७०. अनामत वेगळी, ती वर्षाने मिळाली, त्यासाठीही अर्ज लागला.

१२ जूनला अँटेना उतरवला. तिसरी अट आईला मी आदल्या रात्री सांगितली. तिने फक्त "बरं" म्हटलं. पाइपचे बोल्ट गंजून एकजीव झालेले, ते कापावे लागले. भंगारवाल्याने काड्यांचं वजन केलं, सव्वा किलो भरलं, भाव सांगितला. आई तेवढ्यात आतून आली आणि "पाइप ने, काड्या राहू दे," म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. काड्या मागच्या बाल्कनीत उभ्या आहेत.

जुलैमध्ये एका संध्याकाळी तुफान पाऊस आला. सातच्या बातम्या सुरू, आणि बाईचा चेहरा चौकोन-चौकोन होऊन फुटला, थिजला, मग पडदा काळा. 'नो सिग्नल'. या लहरी जोराच्या पावसात कमी होतात, सर ओसरली की दहा-पंधरा मिनिटांत आपोआप येतं, डिश हलवायला धावू नका, हे मी आईला सांगून ठेवलं होतं. पण तिची तक्रार वेगळीच. "आधी कसं, मुंग्या आल्या तरी आवाज येत होता. अर्धं दिसे, अर्धं ऐकू येई, आपण जुळवून घेत होतो. हे एक तर सगळं देतं, नाहीतर काहीच देत नाही." अॅनालॉग आणि डिजिटलमधला फरक मी चार ठिकाणी वाचला होता, इतका सोपा कुठेच सापडला नाही.

आणखी एक. फ्री डिशवर खासगी चॅनल लिलावात जागा घेतात, एप्रिल ते मार्च अशी. त्यामुळे दरवर्षी १ एप्रिलच्या सुमारास काही चॅनल जातात, काही नवे येतात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाटतं टीव्ही बिघडला. तेव्हा फक्त पुन्हा स्कॅन करायचा. त्याची बटणं कुठली ते मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीच्या बाजूला भिंतीवर चिकटवलं होतं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये, ऐन वर्षअखेरच्या गर्दीतून मान वर काढली तेवढ्यात बँकेत आईचा फोन आला. मला वाटलं, झालं, आता जावं लागणार.

"काही नाही गं," ती म्हणाली. "तो पिक्चरवाला चॅनल गेला, त्याच्या जागी कोणीतरी भजन म्हणून राहिलं. मी कागद बघून केलं स्कॅन. नवीन दोन आले. ते पोरगं डिश लावायला आलंच नाही ना अजून? आलं तर सांग त्याला, झालं म्हणून."